चित्रकाराची मास्तरकी

मुलाने चित्रकार व्हायचे म्हटले की मराठी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ठरलेला प्रश्न येतो, "आणि पोटाचे काय?" पुढे त्याच मुलाला एखाद्या विद्यापीठाच्या ललितकला विभागात अधिव्याख्यात्याची जागा मिळाली, की त्याच घरात पेढे वाटले जातात. मुलगा मार्गी लागला! पण इकडे त्याच्या चित्रकार मित्रांच्या बैठकीत कोणीतरी सुस्कारा टाकतो, "गेला बिचारा. मास्तर झाला!" एकाच नेमणुकीचे एका घरी पेढे आणि दुसऱ्या घरी सुतक. यांतले खरे कोणाचे?

हा प्रश्न नुसत्या तत्त्वचर्चेने सुटणारा नाही. तो एखाद्या चित्रकाराच्या कामावर घासून पाहिला पाहिजे. त्यासाठी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याइतके योग्य उदाहरण मला दुसरे दिसत नाही. बेंद्रे म्हणताच वाचकांना कन्नड कवी आठवतील. मी म्हणतो ते चित्रकार बेंद्रे, १९१० साली इंदूरला जन्मलेले. इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांनी त्यांना घडवले. याच देवळालीकरांच्या हाताखाली मकबूल फिदा हुसेनही काही काळ शिकले. आज देवळालीकरांची चित्रे किती जणांना डोळ्यांपुढे आणता येतील? मास्तर शिष्यांच्या नावाने ओळखला जातो, हा या धंद्याचा पहिला नियम. बेंद्र्यांना तो विद्यार्थिदशेतच दिसला असणार. तरीही चाळिशीच्या उंबरठ्यावर, देशोदेशी हिंडून, नाव मिळवून झाल्यावर त्यांनी मास्तरकी पत्करली.

ती पत्करली बडोद्याला. बडोद्याशी आपले नाते जुने. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तेथे कलाभवन काढले होते आणि दादासाहेब फाळके तेथेच शिकले. पण कलाभवनाचा भर हुन्नरावर होता. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या आणि १९५० मध्ये ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. चित्रकाराला पदविका नव्हे, विद्यापीठाची पदवी. ब्रश हाती धरणाऱ्याने कलेचा इतिहासही वाचायचा. शिकवणाऱ्यांनीही त्याच आवारात आपापले काम चालू ठेवायचे: असा तो बेत होता. शिल्पकलेला शांतिनिकेतनातून आलेले शंखो चौधुरी, चित्रकलेला बेंद्रे, आणि १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन. तिघांची वळणे तीन. एका छापाचे मास्तर गोळा केले नाहीत, यातच त्या प्रयोगाचे अर्धे यश होते.

आता बेंद्र्यांवरच्या नेहमीच्या आक्षेपाकडे वळू. आक्षेप असा, की या चित्रकाराला स्वतःची अशी एक शैली नाही. आरंभीची उजेडाने न्हालेली निसर्गचित्रे पाहावीत, तर हा जलरंगांचा माणूस वाटतो. १९५५ साली ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते 'काटा' पाहावे, तर विषय आपल्या मातीतला आणि मांडणी घनवादाच्या वळणाची. मग काही काळ अमूर्त. आणि उत्तरायुष्यात ठिपक्याशेजारी ठिपका ठेवून रचलेली ती प्रसिद्ध चित्रे. हात विलक्षण तयार, पण मन एका जागी ठरत नाही, असे टीकाकार म्हणतात. आणि दोष मास्तरकीला देतात. रोज वेगवेगळ्या रीती समजावून सांगता सांगता मास्तरांची स्वतःची रीत हरवली, हा त्याचा मथितार्थ.

आक्षेप खोटा आहे असे मी म्हणणार नाही. बेंद्र्यांची सगळी चित्रे एका दालनात लावली, तर दालनात चार माणसे बोलत असल्याचा भास होईल. पण हीच गोष्ट वर्गाच्या बाजूने पाहा. ज्योती भट्ट, शांती दवे, रतन पारिमू, गुलाममोहम्मद शेख हे सारे त्या वर्गातून गेले. ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे आणि पुढे कॅमेरा घेऊन गावोगावच्या भिंती-अंगणांतल्या लोकचित्रांकडे वळले. पारिमूंनी कलेतिहास जवळ केला. शेखांच्या चित्रांत शहरे, नकाशे आणि कहाण्या दाटीवाटीने राहू लागल्या, आणि ते गुजरातीत कविताही लिहीत राहिले. यांच्यात 'धाकटा बेंद्रे' कोण, ते शोधून दाखवावे! ज्याची शैली पोलादी, त्याच्या हाताखाली नकला निपजतात. ज्याला स्वतःलाच अनेक वाटा चालून पाहाव्याशा वाटतात, तो विद्यार्थ्याला म्हणू शकतो, "तू तुझ्या वाटेने जा." १९५६ मध्ये 'बडोदा ग्रूप'ने चित्रे मांडली, तेव्हा मास्तर आणि शिष्य एकाच भिंतीवर आले. आपल्या गुरुपरंपरेत ही बरोबरी सहज मिळत नसते.

हे मला विशेष का वाटते, ते सांगतो. शाळेत असताना मी स्पर्धेसाठी नदीकाठचे एक चित्र काढले होते. आमचे चित्रकलेचे मास्तर मागे उभे राहिले, "अरे, असे नव्हे," म्हणाले, आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन पाच मिनिटांत पाणी, झाडे, नाव सारे झकास करून गेले. चित्राला बक्षीस मिळाले. घरी ते चौकटीत लागले. त्यानंतर मी चित्र काढले नाही, कारण जे लागले होते ते माझे नव्हते. मास्तर प्रेमळ होते, त्यांचा हेतूही चांगला होता. पण शिकवणाऱ्या चित्रकाराची खरी परीक्षा याच पाच मिनिटांत असते. हात शिवशिवत असतो, चूक समोर दिसत असते आणि तरी तो मागे घ्यायचा असतो. या संयमाची नोंद कोणत्याही प्रदर्शनाच्या पुस्तिकेत होत नाही.

तेव्हा मित्रांचे सुतक अगदीच खोटे का? तसेही नाही. बेंद्रे १९५९ मध्ये अधिष्ठाता झाले. अधिष्ठाता म्हणजे सभा, परीक्षा, कागद. १९६६ मध्ये त्यांनी बडोदा सोडले, मुंबई गाठली आणि पूर्णवेळ चित्रे काढली. मास्तरकीने खरेच त्यांना जखडले असते, तर सुटकेनंतरची चित्रे सर्वांत धीट असायला हवी होती. माझ्या मते तसे घडले नाही. ती ठिपक्यांची चित्रे सुरेख आहेत, दिवाणखान्यात पाहून मन निवते. पण त्यांत उत्तर आधीच ठाऊक असल्याचा निवांतपणा आहे. 'काटा'मधली धडपड त्यांत नाही. रोज नवा प्रश्न विचारणारा वर्ग समोरून उठून गेला, याचा तर हा परिणाम नसेल? मास्तरकीने वेळ खाल्ला हे खरे, पण चित्रकाराला जागेही तिनेच ठेवले, असे मला वाटते.

सुब्रमण्यनांनी ही तडजोड निराळ्या रीतीने मिटवली. त्यांनी शिकवणे आणि करणे यांत भिंतच ठेवली नाही. बडोद्याच्या ललितकला मेळ्यासाठी विद्यार्थ्यांबरोबर तेही खेळणी करीत, आणि त्या खेळण्यांतला खट्याळपणा त्यांच्या चित्रांत उतरे. लखनौच्या रवींद्रालयावरचे त्यांचे भाजलेल्या मातीचे प्रचंड भित्तिशिल्प १९६३ सालचे. एकेक फरशी जोडत वाढणारी ती रचना कारागिराच्या हातांवर विश्वास असल्याखेरीज सुचत नाही. तेथे मास्तर आणि चित्रकार निराळे काढता येत नाहीत.

आज अशी जागा मिळवायची तर नेट किंवा पीएच्. डी., आणि बढतीसाठी शोधनिबंध व गुणांचे तक्ते, हे ओघानेच येते. नियम असावेत, वशिल्यापेक्षा नियम बरा. पण निबंध मोजता येतात, मागे घेतलेला हात मोजता येत नाही. ज्या तक्त्यात त्याला रकाना नाही, त्या तक्त्याने चित्रकाराला मास्तर केले तर मित्रांचे सुतक खरे ठरण्याचा धोका आहे.

म्हणून माझा कौल असा. पेढे जरूर वाटावेत. पण पेढ्यांबरोबर घरच्यांनी त्या मुलाला पगाराइतक्याच आस्थेने एक प्रश्न विचारीत राहावा, "सध्या काय काढतो आहेस?" आणि दिवाळीच्या सुटीत तो घरी आला, की उजेडाची एखादी खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. ज्या मास्तराचे स्वतःचे चित्र अर्धवट राहिलेले असते, त्यालाच विद्यार्थ्याच्या अर्धवट चित्रापुढे थांबायचे कसे ते कळते.