जडवस्तू, उपस्कर आणि बाज : आसनरचनेच्या शिक्षणातील शब्दांचा प्रश्न

शासकीय कचेरीतील खुर्ची, टेबल व कपाट ज्या वहीत नोंदविली जातात, तिचे नाव 'जडवस्तू संग्रह नोंदवही' असे आहे. विद्वानांच्या लेखनात 'उपस्कर' हा संस्कृत शब्द आढळतो. बोलण्यात मात्र 'फर्निचर'च रूढ झाले. मराठीस स्वतःचा शब्द नाही म्हणून तिला दरिद्री ठरविणे घाईचे होईल. वस्तू हलविता येते या गुणावरून फ्रेंच व जर्मन भाषांनी या वर्गाचे नाव घडविले. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'पुरविणे' हा अर्थ आहे. मराठी घराने असा वर्गच कल्पिला नव्हता. पाट जेवणाचा, चौरंग पूजेचा, घडवंची पाण्याची, बाज निजण्याची. प्रत्येक वस्तू एकेका क्रियेला बांधलेली होती.

कलाशाळेतील पदवीच्या विद्यार्थ्यास आसनरचना शिकविताना हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. अभ्यासाचा आरंभ बहुधा खुर्चीपासून होतो. बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर, पाठीचा कल, हातांची जागा, अशी मापे विद्यार्थी पाठ करतो. मांडी घालून बसणाऱ्या देहाची मापे त्याला कोणी विचारीत नाही. गेवराई तालुक्यातील उमापुरासारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला बाज लहानपणापासून ठाऊक असते, परंतु ती 'रचना' आहे हे त्याला वर्गात कळण्याचा संभव कमी.

वस्तुतः बाज ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. तिच्या पायास 'खूर' म्हणतात. खुर्चीला मात्र 'पाय' असतात. चारही दांड्यांची कुसवे खुरांच्या भोकांत बसविलेली असतात. दोरीच्या विणीचा ताण दांड्यांना आत ओढतो आणि त्यामुळे कुसवे खुरांत अधिकच घट्ट बसतात. माणूस निजला म्हणजे हा ताण वाढतो. अर्थात ओझेच सांधा आवळते. वीण सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून घरचा माणूसच ती ताणून घेतो, सुतारास बोलवावे लागत नाही. ताणावर उभ्या असलेल्या रचनेचा याहून सोपा पाठ कोणता असू शकेल?

इतिहासाचा एक योगायोग येथे नोंदण्यासारखा आहे. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. कोशाने सुताराच्या बोलीतील शब्दांना जागा दिली. कलाशिक्षणाची परिभाषा मात्र इंग्रजीतच घडत गेली. एकाच शहरातील या दोन उद्योगांची गाठ पुढेही पडली नाही.

चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याची थोरवी सांगितली आहे आणि १९६१ मध्ये अहमदाबादेस स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या पायाशी तो अहवाल आहे. त्याचे खरे मोल लोट्याच्या स्तुतीत नसून त्यातील प्रश्नमालिकेत आहे : भांडे डोक्यावर न्यावयाचे की कमरेवर, हाताची पकड केवढी, भरले असता व रिकामे असता तोल कसा राहतो. या रीतीने घडवंचीची वा बाजेची तपासणी करता आली असती. अध्यापनात मात्र लोटा हे बोधचिन्ह झाले आणि प्रश्न मागे पडले. चौरंगाला काच बसवून त्याचे 'कॉफी टेबल' करणारी देशीयता ही याच विस्मरणाची दुसरी बाजू होय.

तथापि जुन्या नावांच्या कौतुकातही एक धोका आहे. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात जे गाव दिसते, त्यात सुतार बलुतेदार आहे. त्याने घडविलेल्या वस्तूंवर कोणी बसावे हे तो ठरवीत नसे. कोणासमोर बाजेवर बसता येते आणि कोण दिसताच उठून उभे राहावे लागते, हे नियम अलिखित पण कठोर होते. पाटालाही पंक्ती होत्या. 'खुर्ची' हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून, फारसीच्या वाटेने आला आणि मराठीत तो सत्तेचा पर्याय बनला. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. तेथे खुर्ची म्हणजे कचेरी. ज्यांच्या आजोबांना ओसरीवर बसता आले नाही, त्यांच्या नातवाने कलाशाळेत प्रथम खुर्चीच रेखाटावी यात अनुकरणापेक्षा हक्काची जाणीव अधिक असू शकते. 'देशी' आसनाचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

म्हणून खुर्ची हद्दपार करण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती कार्यशाळा व आरेखनवर्ग यांच्यातील भाषाभेद मिटविण्याची. सुतार रंधा, पटाशी, वाकस, कुसू यांची नावे घेत काम करतो. कागदावर त्याच गोष्टी इंग्रजी नावांनी लिहिल्या जातात. सुताराच्या घरातील मुलाला आपलेच ज्ञान परके होऊन परत मिळते. खुराचा छेद काढून त्यापुढे 'खूर' असे लिहिणारी उत्तरपत्रिका ग्राह्य धरण्यास कोणती अडचण आहे? मराठवाड्यातील सुतारांकडून हे शब्द वस्तूंच्या मापांसह गोळा करणे भाषाविभागांना सहज शक्य आहे. लोखंडी पलंग घरोघर आल्यापासून बाज विणणारे हात कमी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर शब्दही.