डोरोथी कॅरीचं बिऱ्हाड : चरित्रांत न मांडलेला हिशेब

तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या मासिक बैठकीत मी विल्यम कॅरीवर एक टिपण वाचलं होतं. विषय माझ्या आवडीचा, म्हणजे मराठी छपाईचा. १८०५ सालचं मराठी व्याकरण, त्यातले देवनागरी खिळे, १८१०चा मोडी लिपीतला कोश, पंडित वैजनाथांची मदत, असं सगळं त्यात होतं. बैठक संपल्यावर चहा घेताना आपल्या एका ज्येष्ठ सभासद बाईंनी विचारलं, "घरी कोण होतं हो त्याच्या?" मी म्हटलं, बायको होती, पण ती वेडी झाली होती. त्यावर त्या म्हणाल्या, "आधीपासून होती, की इथे येऊन झाली?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या टिपणात डोरोथी कॅरीच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं होतं, आणि तेही नवऱ्याच्या सहनशीलतेचं कौतुक करताना. म्हणून कॅरीची चरित्रं पुन्हा वाचायला घेतली, पण या वेळी फक्त तिच्यासाठी. हा लेख त्या वाचनाचा आहे.

आधी घटनाक्रम. डोरोथी प्लॅकेट ही इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरातल्या पिडिंग्टन गावची. १० जून १७८१ रोजी कॅरीशी तिचं लग्न झालं. नवरा वयाने पाच-सहा वर्षांनी लहान, धंद्याने चांभार. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली आहे, कारण तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं. पुढे कॅरी धर्मोपदेशक झाला. दोन मुली लहानपणीच गेल्या. जानेवारी १७९३ मध्ये कॅरीने हिंदुस्थानात जायची तयारी नव्या मिशनरी संस्थेपुढे दाखवली, तेव्हा डोरोथी पुन्हा गरोदर होती. तिने यायला साफ नकार दिला. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाला, पण सोबती डॉ. जॉन थॉमस याची जुनी देणी आणि कंपनीचा परवाना नसणं यामुळे दोघांनाही जहाजावरून उतरावं लागलं. मधल्या काळात डोरोथी बाळंत झाली. थॉमसने पिडिंग्टनला जाऊन तिला गाठलं आणि एका दिवसात तिचं मन वळवलं. तिची अट एकच होती : धाकटी बहीण किटी सोबत आली पाहिजे. १३ जून १७९३ रोजी 'क्रोन प्रिन्सेसा मारिया' हे डॅनिश जहाज निघालं, तेव्हा तिच्या मांडीवरचं जेबेझ दीड महिन्याचंसुद्धा झालं नव्हतं.

नोव्हेंबरात ही मंडळी बंगालमध्ये पोचली. पहिल्या सात-आठ महिन्यांतली त्यांची बिऱ्हाडं मी वहीत मांडली. कलकत्ता, मग हुगळीकाठचं बंडेल, मग पुन्हा कलकत्त्याजवळ माणिकतल्याला एका बंगाली सावकाराच्या लहानशा घरात, मग होडीने सुंदरबनाच्या कडेला देबहाटा, आणि तिथून तीन आठवड्यांहून अधिक नदीप्रवास करून उत्तरेला माल्दा भागातलं मदनाबती. संस्थेचे पैसे थॉमसच्या हाती होते, ते भराभर संपले. डोरोथी आणि थोरली मुलं हगवणीने आजारी पडली. कॅरीने एका पत्रात तक्रार केली आहे की बायको आणि मेव्हणी सारखी कुरकुर करतात, साधा पावसुद्धा मिळत नाही म्हणतात. चरित्रकार हे वाक्य डोरोथीविरुद्धचा पुरावा म्हणून वापरतात. मी ते एका आजारी बाईच्या स्वयंपाकघराची नोंद म्हणून वाचतो. चार मुलं, अंगावर पिणारं बाळ, हगवण आणि परका भात.

देबहाट्याला कंपनीच्या मीठ खात्यातल्या चार्ल्स शॉर्टने त्यांना आसरा दिला. किटीचं त्याच्याशी जमलं आणि ती तिथेच राहिली. म्हणजे जिच्या भरवशावर डोरोथी समुद्र ओलांडून आली, तीच बहीण सुटली. मदनाबतीला कॅरी दरमहा २०० रुपयांवर निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला, आणि चरित्रांत इथून 'स्थैर्य' सुरू होतं. प्रत्यक्षात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. परक्या प्रेताला हात लावायला गावात कोणी तयार होईना. खड्डा खणायला मिनतवारीने चार मुसलमान गडी मिळाले, तर गावाने त्यांनाच वाळीत टाकलं. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की शेजारी येतात, सुतकात दुसऱ्या घरून पिठलं-भात येतो. तिथे दारात कोणीच आलं नाही.

१७९५च्या सुरुवातीपासून कॅरीच्या पत्रांत डोरोथीच्या आजाराचे उल्लेख येऊ लागतात. नवरा बाहेरख्याली आहे हा संशय तिच्या मनात घट्ट बसला, आणि ती तसं चारचौघांत बोलू लागली. पुढची बरीच वर्षं तिला खोलीत कोंडून ठेवावं लागे. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती गेली. म्हणजे ज्या मराठी व्याकरणाचं मी बैठकीत कौतुक केलं, ते सिद्ध होत असताना ती त्याच घरात बंद दारामागे होती.

आता चरित्रांकडे येऊ. पुतण्या युस्टेस कॅरीचं चरित्र १८३६चं, जॉर्ज स्मिथचं १८८५चं, पणतू पीअर्स कॅरीचं १९२३चं. जुन्या चरित्रांचा सूर साधारण असा की थोर पुरुषाला अशिक्षित, कुरकुरी बायको मिळाली आणि त्याने ते ओझं मुकाट वाहिलं. या सुरातली गोम थॉमसच्या उदाहरणावरून कळते. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला, त्या सुमारास थॉमसचंही डोकं फिरलं आणि त्यालाही बांधून ठेवावं लागलं. दोन रोगी, एकच आवार. पण थॉमसचं वेड चरित्रांत 'आनंदातिरेक' होतं आणि डोरोथीचं वेड नवऱ्याची सत्त्वपरीक्षा. निदान वेगळं करताना रोगाकडे कोणी पाहिलेलं दिसत नाही, फक्त रोगी कोण एवढंच पाहिलं.

१९९२ साली जेम्स बेक यांनी डोरोथीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. तिच्या बाजूने विचार करणारं पुस्तक म्हणून त्याचं मोल मोठं आहे. तिचा नकार, तिची अट, तिची बाळंतपणं त्यांनी पुढे आणली आणि आजच्या मानसशास्त्राच्या भाषेत तिच्या संशयविकाराला नाव दिलं. 'कजाग बायको' हा शिक्का त्यामुळे पुसला गेला. तरी माझं समाधान झालं नाही, कारण दोष काढा की निदान करा, बोट शेवटी तिच्यावरच राहतं. शिवाय साक्षीदार तेच, नवरा आणि त्याचे सहकारी. फुली करणाऱ्या बाईची बाजू कागदावर आलेलीच नाही. अशा वेळी माणसांचे जबाब बाजूला ठेवून व्यवस्था तपासावी असं मला वाटतं. पूल खचला की आम्ही इंजिनियर आधी पाया आणि भार बघतो, मग पोलादाचा दर्जा.

तशी तुलना करायला एक उदाहरण हाताशी आहे. ऑक्टोबर १७९९ मध्ये हॅना मार्शमन नवरा-मुलांसह सेरामपूरला उतरली. (आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचं.) हवा तीच, पाणी तेच, आजारही तेच. तिनेही मुलं पुरली, आणि सोबत आलेला ग्रँट उतरल्यावर तीन आठवड्यांत वारला. पण हॅना टिकली. तिने शाळा काढली, सगळ्या मिशनचं घर चालवलं, कॅरीच्या मोकाट वाढलेल्या पोरांना शिस्त लावली. चरित्रकार याचं श्रेय तिच्या स्वभावाला देतात. स्वभाव असेलच, पण तिच्या पायाखाली काय होतं? डॅनिश सरकारचं संरक्षण, त्यामुळे कंपनीकडून हकालपट्टीची भीती नाही. स्वतःचं विकत घेतलेलं घर. एका आवारात अनेक कुटुंबं, एकच स्वयंपाक, एकत्र तिजोरी, शाळेचं उत्पन्न. आजारपणात उशाशी बसायला दुसरी बाई. आपल्या जुन्या वाड्यासारखीच रचना. डोरोथीला यातलं काहीही पहिल्या सहा वर्षांत मिळालं नाही. मिळालं तेव्हा ती त्याच्या पलीकडे गेली होती. असा आजार पिडिंग्टनलाही होऊ शकतो, हे मान्य. पण तिथे आई-बहिणी होत्या, आणि पीटरला खांदा द्यायला गाव होतं.

हे लिहिताना मला माझं एक जुनं बिऱ्हाड आठवत राहिलं. नोकरीच्या सुरुवातीला कालव्याच्या कामावर बदली झाली. पत्र्याचं क्वार्टर, टँकरचं पाणी, दवाखाना चाळीस किलोमीटरवर, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. मी सकाळी साइटवर जायचो तो रात्री यायचो, आणि रुळलो. बायको रुळली नाही. "हिला कुठेच करमत नाही," असं मी चार लोकांत हसत सांगायचो. माझ्या त्या दिवसांच्या डायरीत काँक्रीटचे आकडे रोजचे आहेत, घरात पाणी किती आलं ते एकदाही नाही. बैठकीतल्या त्या बाईंचा प्रश्न मला का लागला, ते आता कळतं.

शेवटी एक धागा आपल्या भागाचा. १८१८ मध्ये अजमेर दौलतराव शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलं. त्यानंतर लॉर्ड हेस्टिंग्जच्या पाठिंब्याने तिथे ज्याने पहिल्या इंग्रजी अमदानीतल्या शाळा काढल्या, तो जेबेझ कॅरी. अजमेरच्या शिक्षणाच्या इतिहासात त्याची ओळख एका ओळीत येते : थोर विल्यम कॅरी यांचा मुलगा. आपल्या ग्वाल्हेरच्या कागदांत शिंद्यांच्या अजमेरविषयी लिहिताना मीही एकदा तेवढंच लिहिलं आहे. ती ओळ मला आता अशी दुरुस्त करायची आहे : जेबेझ कॅरी, विल्यम आणि डोरोथी यांचा मुलगा, दीड महिन्याचाही नसताना आईच्या मांडीवर समुद्र ओलांडून आलेला.