एका टॅगात राजूर

महाराष्ट्रात राजूर एकच नाही. अकोले तालुक्यात एक आहे, वणी तालुक्यात एक आहे, आणि जालन्याच्या उत्तरेला, भोकरदन तालुक्यात, गणपतीचे राजूर आहे. अंगारकीला निघालेल्या माणसाला ‘गणपतीचे’ एवढी खूण पुरते. यंत्राला ती पुरत नाही. जाळ्यावरच्या वस्तूंचे वर्णन यंत्राला कळेल असे कसे लिहावे, याचे एक देखणे उत्तर आरडीएफ या वर्णनपद्धतीच्या शिफारशीत आहे. ओरा लासिला आणि राल्फ स्विक यांनी ती संपादित केली आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी मान्य केली. तिच्यातली, एक्सएमएल या टॅगांच्या भाषेतली संक्षिप्त लेखनरीत मला फार आवडते.

मूळचे टॅग इंग्रजी आहेत. पण एक्सएमएलला देवनागरी नावे चालतात, म्हणून मी मराठीच घेतो. आधी ऐसपैस रूप:

<वर्णन विषय="#ग७">
  <प्रकार मूल्य="#गाव"/>
  <नाव>राजूर</नाव>
  <जिल्हा>जालना</जिल्हा>
</वर्णन>

आता तेच आटोपून:

<गाव विषय="#ग७" नाव="राजूर" जिल्हा="जालना"/>

पाच ओळींची एक झाली आणि अर्थ तसूभरही हलला नाही. ‘वर्णन’ हा कोरडा शब्द गळाला आणि त्याच्या जागी वस्तूचा प्रकारच येऊन बसला, ही यातली खरी कारागिरी. टॅगला नाहीतरी काहीतरी नाव द्यावेच लागते. मग ते वाया का घालवा?

‘ग७’ हा पत्ता मी मुद्दाम मुका ठेवला आहे. त्यात गाव नाही, जिल्हा नाही. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोपर्यंत हे राजूर औरंगाबाद जिल्ह्यात होते. पत्त्यातच ‘औरंगाबाद’ गुंफले असते, तर त्या दिवशी पत्ता खोटा पडला असता. इथे फक्त ‘जिल्हा’पुढचा अवतरणचिन्हांतला शब्द बदलायचा. अकोले तालुक्यातले राजूर वेगळा पत्ता घेईल. नाव सारखे असले तरी दोघांची गल्लत होणार नाही.

मात्र संक्षेपाची किंमत आहे. एक्सएमएलच्या एका टॅगात एकच गुणधर्म दोनदा लिहिता येत नाही. लोक या गावाला ‘राजूर गणपती’ही म्हणतात, ते दुसरे नाव नोंदवायचे तर ‘नाव’ला टॅगाबाहेर काढून लांब रूपाकडे परतावे लागते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. तालुक्याचे-गाव="भोकरदन" असे लिहिले की भोकरदन गाव उरत नाही, अक्षरांची माळ होते. आणि भोकरदन तर प्राचीन भोगवर्धन! भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवर तिथल्या दात्यांचे लेख आहेत: अमक्या गावच्या अमक्याचे दान, एवढाच मजकूर. १९७३ मध्ये भोकरदनला उत्खननही झाले. हे सारे ज्याला जोडायचे, त्याला स्वतःचा पत्ता हवा. त्यासाठी शिफारशीत घरटे करायची सोय आहे:

<गाव विषय="#ग७" नाव="राजूर">
  <तालुक्याचे-गाव>
    <गाव विषय="#ग३" नाव="भोकरदन" जुने-नाव="भोगवर्धन"/>
  </तालुक्याचे-गाव>
</गाव>

बाहेरून आत वाचत जा: वस्तू, नाते, वस्तू. पुन्हा नाते, पुन्हा वस्तू, हवे तितके खोल. ही पट्ट्यापट्ट्यांची वीण डोळ्यांत भरली की या रीतीची लय सापडते. माझ्या मते सगळ्यांत सुंदर रूप हेच. एका ओळीचे रूप चटपटीत आहे, पण त्यात नाती मरतात.

टीकाकारांचा मुद्दाही खरा आहे. एकच आशय इतक्या रूपांत लिहिता येतो, की केवळ टॅगांची मांडणी पाहून शोध घेणारी आज्ञावली चकते. एकाने ‘नाव’ आत लिहिले, दुसऱ्याने बाहेर. दोन्ही बरोबर, आणि आज्ञावलीला दुसरे दिसतच नाही. लेखकाला दिलेली ही मोकळीक वाचणाऱ्या यंत्राच्या माथी आली. २०१४ मध्ये शिफारस झालेल्या टर्टल या आरडीएफच्याच दुसऱ्या लेखनरीतीने तर कोनी कंसांची ही चौकटच मोडली. तिथे राजूरचे वर्णन पूर्णविरामाने संपणाऱ्या साध्या वाक्यासारखे लिहितात, आणि हाताने लिहायचे असेल तर मीही आज तेच लिहीन. पण भोकरदन राजूरच्या पोटात जसे १९९९ च्या घरट्यात दिसते, तसे टर्टलच्या नेहमीच्या लेखनात दिसत नाही; तिथे दोन्ही गावांची वाक्ये वेगवेगळी पडतात आणि नाते पत्ता जुळवून शोधावे लागते.