खरेदीचं वावर, मक्त्याचं पुस्तक

आमच्या वऱ्हाडात वावर दोन तऱ्हांनी हाती येतं, खरेदीनं किंवा मक्त्यानं. मक्त्याच्या वावरात तूर कितीही झकास आली तरी सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे अकोला-अमरावतीकडच्या शाळकरी पोरालाही कळतं. मोबाइलवरचं ‘बाय नाऊ’ हे बटण मात्र हा फरक पुसून टाकतं. हा दोन शब्दांचा मजकूर आपण इतक्यांदा वाचतो, की त्याचीही समीक्षा व्हायला हवी.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६मध्ये आली. अमरावतीत बसून पुण्याचं पुस्तक मिनिटभरात मिळू लागलं, ही सोय खरीच. पण अटींच्या पानावर लिहिलंय, की मजकूर विकला जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. बटण खरेदी म्हणतं, करारनामा मक्ता म्हणतो. बरं, मक्त्याची मुदत तरी आधी ठरलेली असते. इथं तीही नाही.

जुलै २००९मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. पुस्तकं विक्रीला ठेवणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले, कंपनीनं माफीही मागितली. पण पुस्तकवाला रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर त्याला आपण काय म्हणू?

आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१२मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३मध्ये बंद केलं. ती गाणी बिनकुलपाच्या एमपीथ्री फाइली होत्या. ज्यांनी उतरवून ठेवल्या, त्यांच्याकडे त्या राहिल्या. म्हणून माझ्या मते दुकान बंद पडण्यापेक्षा फाइलीला लावलेलं कुलूप जास्त घातक आहे.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६०ची. तिची जुनी छापील प्रत मी मैत्रिणीला देऊ शकते, रद्दीच्या दुकानात विकू शकते. एकदा चलनात आलेल्या प्रतीची फेरविक्री १९५७चा कॉपीराइट कायदा अडवत नाही. वऱ्हाडी बोलीतल्या पुस्तकाची नवी आवृत्ती येईलच याची खात्री नसते. अशी पुस्तकं हातोहात फिरून टिकतात. कुलूपबंद फाइल हातोहात फिरत नाही. खाते बंद, तर वाचन बंद.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून ‘खरेदी’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हा फक्त परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. कायमची उतरवून घेता येणारी फाइल याला अपवाद आहे. आपणही एवढं तर मागू शकतो: मक्ता असेल तर बटणावर मक्ता लिहा. आणि तोवर, जे पुस्तक पुढं कुणाच्या तरी हातात द्यावंसं वाटतं, ते कागदावर घ्या.