कंपासच्या पायावर काय लिहावे?

कंपासपेटीतील साहित्याचे सरळसरळ दोन गट पडतात. मोजपट्टी आणि कोनमापक यांच्या अंगावर आकडे असतात. कंपास आणि कर्कटक मात्र कोरे असतात. ही कोरी जागाही वापरावी, अशी एक कल्पना आहे. कंपासच्या दोन्ही पायांना चपट्या पट्ट्यांचे रूप द्यायचे आणि त्या पृष्ठभागांवर माहिती छापायची. वर्तुळाच्या परिघाचे व क्षेत्रफळाचे सूत्र, एककांची कोष्टके, पाढे किंवा पायावर ‘पाय’ची किंमत! पेट्यांच्या झाकणांवर पाढे, वेळापत्रक आणि कार्टूनची चित्रे केव्हाच आली आहेत. आता पाळी कंपासची.

कल्पना निरुपद्रवी वाटते. पण कंपास हे लाखो मुलांच्या हाती जाणारे पहिले अचूक रेखनसाधन आहे. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या गावात पालक पेटी घेतो, तेव्हा ती दोन-तीन वर्षे टिकावी अशी त्याची अपेक्षा असते. त्यामुळे अशा रचनेची चिकित्सा करणे हे शिक्षकाचे कामच आहे. आमची कसोटी साधी आहे: साधनावर लिहिलेली माहिती साधनाच्या कामात भाग घेते, की नुसती त्याच्या अंगावर बसून राहते?

कामाला येणारी खूण

शुल्बसूत्रांतील शुल्ब म्हणजे दोरी. खुंटीला दोरी बांधून वर्तुळ काढायचे आणि दोरीवर ठरावीक अंतरावर खूण करून ती ताणली की काटकोन मिळवायचा, ही यज्ञवेदी रचणाऱ्यांची पद्धत होती. येथे दोरीवरची खूण हीच माहिती आहे आणि ती खूण नसेल तर कामच होत नाही.

दुसरे उदाहरण आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाते. नुसती कोरी पट्टी आणि कंपास वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत, हे वँत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केले. मात्र त्याच पट्टीवर दोन खुणा केल्या की काम होते. अबक हा कोन घ्या. शिरोबिंदू ब केंद्र धरून वर्तुळ काढा. ते कोनाच्या भुजांना अ आणि क येथे छेदू द्या. अब ही रेषा ब च्या पलीकडे वाढवा. पट्टीवर त्रिज्येएवढ्या अंतरावर प आणि फ या दोन खुणा करा. आता पट्टी अशी सरकवा, की ती क मधून जाईल, फ वर्तुळावर येईल आणि प वर्तुळाबाहेर वाढवलेल्या रेषेवर येईल. मग प पाशी होणारा कोन मूळ कोनाच्या बरोबर एकतृतीयांश असतो. कारण पफ आणि फब समान असल्याने प पाशी आणि ब पाशी सारखेच कोन होतात. म्हणून बफक हा बाह्यकोन त्याच्या दुप्पट, बफ आणि बक या त्रिज्या असल्याने क पाशीही दुप्पट, आणि अबक हा पबक त्रिकोणाचा बाह्यकोन म्हणून तिप्पट. दहावीच्या मुलांनी हे करून पाहावे. दोन बारीक खुणांनी साधनाची ताकदच बदलली!

गॅलिलिओचा कंपास

आता प्रत्यक्ष कंपासकडे येऊ. अंगावर माहिती असलेला सर्वांत प्रसिद्ध कंपास गॅलिलिओचा. पडुआ येथे शिकवत असताना, १५९७ च्या सुमारास, त्याने ‘भूमितीय व लष्करी कंपास’ तयार केला आणि १६०६ साली त्याची वापर-पुस्तिका छापली. पितळेचे दोन चपटे पाय एका टोकाला जोडलेले आणि त्या पायांवर सांध्यापासून निघणाऱ्या अनेक मापरेषा. एका रेषेवर समान अंतराचे आकडे, दुसरीवर क्षेत्रफळांसाठी, तिसरीवर घनफळांसाठी आणि एकीवर सोने, शिसे, चांदी, तांबे, लोखंड अशा पदार्थांच्या खुणा. दगडाच्या तोफगोळ्याऐवजी तेवढ्याच वजनाचा लोखंडाचा गोळा किती व्यासाचा हवा, हे त्यावरून काढता येई.

त्याची युक्ती समरूप त्रिकोणांची. एखाद्या रेषेचे पाच समान भाग करायचे आहेत. कर्कटकात रेषेची लांबी घ्या. दोन्ही पायांवरील १०० च्या खुणांमधील अंतर तेवढे होईल इतका कंपास उघडा. मग २० च्या दोन खुणांमधील अंतर म्हणजे रेषेचा पाचवा भाग. पाय उघडले की माहिती हलते, नवे उत्तर देते. छापील पाढ्याला हे साधत नाही. कंपास मिटलेला असो वा उघडलेला, पाढा तोच राहतो.

मग त्रिज्याच छापली तर?

यावर कोणी म्हणेल, सूत्रे नकोत, पण उघडलेल्या कंपासची त्रिज्या दाखवणारी मापपट्टी सांध्याजवळ बसवायला काय हरकत आहे? ही सूचना पहिलीपेक्षा कितीतरी चांगली आहे. दोरीच्या कंपासात त्रिज्या डोळ्यांना दिसते. धातूच्या कंपासात ती दोन टोकांमधली रिकामी जागा असते. म्हणून मुलाला दर वेळी मोजपट्टीकडे जावे लागते. टोक झिजलेल्या पट्टीवर तो सुई १ च्या खुणेवर ठेवतो, पेन्सिल ५ वर नेतो आणि ५ सेंमीऐवजी ४ सेंमीचे वर्तुळ काढतो. हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाही?

पण ही सूचना हिशेबाने तपासली पाहिजे. कंपासचे दोन्ही पाय १२ सेंमी लांब आहेत असे धरू. त्रिज्या म्हणजे पायाच्या लांबीची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. त्यावरून १ सेंमी त्रिज्येसाठी पायांमधील कोन सुमारे ४.८ अंश, ५ सेंमीसाठी २४ अंश, १० सेंमीसाठी ४९ अंश येतो. १२ सेंमीसाठी तो नेमका ६० अंश असतो, कारण तेव्हा सांधा व दोन टोके मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणजे खुणा समान अंतरावर येत नाहीत. पहिला सेंटिमीटर ४.८ अंशांचा, तर बारावा सुमारे ५.४ अंशांचा.

याहून मोठी अडचण आकाराची आहे. सांध्याभोवतीच्या चकतीची त्रिज्या १ सेंमी असेल, तर टोकांमधील अंतर १ सेंमीने वाढले की चकतीवरची खूण फक्त ०.८ मिमी सरकते. १ मिलिमीटरचा फरक तिथे ०.०८ मिमी होतो. तो डोळ्यांना वाचता येणार नाही. बारापट लहान केलेल्या मापावरून मूळ माप ठरवण्यासारखाच हा प्रकार झाला.

तिसरी अडचण पेन्सिलची. ती झिजते, तिला टोक काढावे लागते, आणि प्रत्येक वेळी त्या पायाची लांबी बदलते. १२ सेंमीचा पाय ११.७ सेंमी झाला, तर चकती ५ सेंमी दाखवत असताना खरी त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरने कमी भरते, आणि १२ सेंमी दाखवत असताना जवळजवळ दीड मिलिमीटरने. छापलेली माहिती खोटे बोलू लागते, आणि छापलेले असल्यामुळेच मुलाचा तिच्यावर विश्वास बसतो. याउलट, मिटलेला कंपास पाहिला तर सुई आणि पेन्सिल एका पातळीत आहेत की नाहीत हे काहीही न छापता कळते.

बरोबर असूनही चुकवणारी माहिती

माहिती खरी असणे पुरेसे नाही, याचा पुरावा पेटीतच आहे. कोनमापकावर शून्यापासून १८० पर्यंतचे आकडे दोन ओळींत, उलटसुलट दिशांनी लिहिलेले असतात. दोन्ही ओळी बिनचूक असतात, तरी ६० अंशांचा कोन १२० म्हणून वाचला जातोच. कोणती ओळ कधी वाचायची, हे आकडे सांगत नाहीत. कोनाच्या भुजेवर ज्या ओळीचा शून्य आहे ती ओळ, हे शिकवावे लागते. दोन ओळी निदान दोन रंगांत छापल्या तरी पुष्कळ काम होईल. जागेचा असा विचार कोनमापकावर आधी व्हायला हवा. कंपासची पाळी नंतर.

चपट्या पायांचा हाताला होणारा त्रासही लक्षात घ्यावा. कंपास वरच्या मुठीला दोन बोटांत धरून फिरवायचा असतो. पायांवर रुंद पट्ट्या आल्या की वजन वाढते, आणि बिजागरी सैल असेल तर फिरवता फिरवता पाय सरकतात. मग वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत. शिवाय छापील सूत्रे असलेले साधन परीक्षेत चालू द्यावे का, हा प्रश्न पर्यवेक्षकापुढे येणारच. आणि एकदा जागा तयार झाली की तिच्यावर सूत्रे राहतील याची खात्री कोण देणार? झाकणांवर पाढ्यांच्या शेजारी कार्टूने आली. पायांवर जाहिराती यायला वेळ लागणार नाही.

१९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनची उंटाच्या चित्राची पेटी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी दप्तरात बाळगली. अशी पेटी जपली गेली ती आतल्या वस्तूंच्या उपयोगामुळे. आजही दुकानात पेटी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कंपास एकाच जागी पाच वेळा फिरवला तर एकच रेघ उमटते का? पेन्सिल घट्ट बसते का? मोजपट्टीचा शून्य स्पष्ट आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर कंपासवर एक अक्षरही छापलेले नसले तरी चालेल.

आणि ज्यांना माहिती दाखवणारा कंपास हवाच आहे, त्यांनी तो वर्गात बनवावा. जाड पुठ्ठ्याच्या दोन समान पट्ट्या घ्याव्यात, त्यांच्या मध्यातून रेषा ओढून एका टोकाला त्या टिचबटणाने जोडाव्यात आणि बटणाच्या मध्यापासून दोन्ही रेषांवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. गॅलिलिओच्या कंपासची पहिली मापरेषा तयार झाली. तिने दिलेल्या रेषेचे तीन, पाच, सात समान भाग करून पाहावेत आणि असे का होते, हे मुलांनाच विचारावे. या कंपासच्या पायांवरची प्रत्येक खूण मुलाने स्वतः केलेली असेल आणि ती कशासाठी आहे, हे त्याला सांगता येईल.