ब्यूकॅनन यांचा आक्षेप आणि ब्रिटनची आरोग्यसेवा

१९४८ साली सुरू झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील विसंगतींवर जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तीतील युक्तिवाद मार्मिक आहे. रुग्ण या नात्याने नागरिक विनामूल्य उपचार मनमुराद मागतो. मतदार या नात्याने मात्र त्यासाठी कर देण्यास तो नाखूश असतो. ही तफावत अखेर रांगांच्या व घसरत्या दर्जाच्या रूपाने प्रकट होते.

तथापि यातील दोन्ही गृहीतके तपासून पाहणे अगत्याचे आहे. शस्त्रक्रियेची आवश्यकता रुग्ण नव्हे, डॉक्टर ठरवितो. या व्यवहारात रुग्णाचे ज्ञान किती अपुरे असते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखविले होते. मतदारही सदैव कृपण नसतो. २००२ च्या अंदाजपत्रकात मजूर सरकारने आरोग्यसेवेसाठी राष्ट्रीय विम्याची वर्गणी मिळकतीच्या शेकडा १ ने वाढविली, आणि २००५ ची निवडणूक जिंकली. त्या दशकात प्रतीक्षाकाळ घटला. महासाथीनंतर, २०२२ मध्ये, इंग्लंडची प्रतीक्षायादी सत्तर लाखांवर गेली. विनामूल्यता दोन्ही वेळी तीच होती. म्हणून रांगेचे खापर केवळ तिच्यावर फोडता येत नाही. उपचाराचा आणि कराचा निर्णय भिन्न ठिकाणी होतो, हे ब्यूकॅनन यांचे निरीक्षण मात्र अबाधित राहते.