कथाकाव्य आणि कवयित्री

कोल्हापुरात खंडकाव्याचा विषय निघाला की आम्ही माधव जूलियनांपाशी येऊन थांबतो. राजाराम महाविद्यालयात शिकवणारे हे फारसीचे जाणकार. 'विरहतरंग' (१९२६) आणि 'सुधारक' (१९२८) ही त्यांची कथाकाव्ये. त्यांच्या पुण्यातल्या रविकिरण मंडळात मनोरमाबाई रानडे या एकट्याच कवयित्री. मराठी कवितेच्या त्या स्वच्छंदतावादी काळात स्फुट कविता बाईची आणि दीर्घ कथाकाव्य पुरुषाचे, अशी वाटणी समीक्षेने न बोलता करून टाकली.

लक्ष्मीबाई टिळक या वाटणीत बसत नाहीत. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्यायच झाले होते. लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकलेल्या या बाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय ओवीत रचले. आता बोला! तरी त्यांचे नाव घेतले जाते ते 'स्मृतिचित्रे'साठी. 'ख्रिस्तायन' नवऱ्याच्या खात्यावर जमा. एवढ्या मोठ्या काव्यात सपाट जागा असणारच. पण त्या मोजून काव्य बाजूला ठेवायचे, तर पुरुषांची किती महाकाव्ये कपाटात उरतील?

आम्हाला हे काव्य परके वाटायचे कारण नाही. ईसा आणि मरियम यांची कथा आमच्या घरची, आणि ओवी तर शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'पासून आमची. जात्यावर ती आमच्या आयाबायांनीही गायली. असे असून आम्ही अंकासाठी बहिणींकडे मागतो काय? गझल, नाहीतर चारोळी. दीर्घ कथाकाव्य मागितल्याचे आम्हाला तरी आठवत नाही.